बसायची धून

दोघी जावा. दवाखान्याच्या चादरींना इस्त्री करण्यात दोघींचा जन्म गेला. चादरी तेवढ्या सरळ झाल्या. धाकटीचे गुडघे गेले, थोरलीची कंबर गेली, पण "दमले बाई" हे शब्द कुणाच्या तोंडून निघाले नाहीत. जी आधी बसेल ती हरली. असं कुणी ठरवलं नव्हतं, पण मोडायची छाती दोघींनाही नव्हती.

धाकटीच्या लेकाला ते बघवेना. त्यानं इस्त्रीच्या खोलीत जुना कॉम्प्युटर आणून ठेवला. गाण्यांच्या प्रोग्रॅममध्ये दोघींच्या आवडीची गाणी विकत घेऊन भरली आणि मधूनमधून बासरीची एकच धून पुन्हा पुन्हा घातली. म्हणाला, "ही लागली की दोघींनी बसायचं. एकदमच." झालं! धून लागली की इस्त्र्या उभ्या आणि दोघी बाकावर. हरायचं कुणी नाही. वर थोरलीचा तोरा, "मला कुठं बसायचंय? ती धून बसवते."

पुढं लेक नोकरीला बाहेरगावी गेला. घरी राहिलेली सून गुणाची, पण पसारा दिसला की तिचे हात शिवशिवायचे. एका रविवारी तिनं कॉम्प्युटरही आवरला. प्रोग्रॅमनं विचारलं, तीच ती गाणी काढून टाकू का? ही म्हणाली, टाक.

सोमवारी गाण्यामागून गाणं झालं, चादरीमागून चादर झाली. बासरी काही येईना. धाकटीचा गुडघा ठणकायला लागला. शेवटी तिनं सुनेला हाक मारली.

"अगं, आमची बासरी कुठं गेली?"

"आहे की, आई. तीच धून कितीदा भरली होती! मी एकच ठेवलीय. शेवटी लागेल."

"शेवटी म्हणजे कधी?"

"संध्याकाळी."

थोरली फिसकन हसली. "घ्या! संध्याकाळी आम्ही आपोआप आडव्या होतो. त्यात बासरीचे उपकार कसले?"

सुनेचा चेहरा उतरला. "मला पुसता येतं, परत भरता येत नाही. ह्यांचा फोन आला की विचारते," म्हणत ती आत गेली.

पुन्हा इस्त्र्या फिरू लागल्या. धाकटीनं चोरून पाहिलं, तर थोरलीचा एक हात इस्त्रीवर, एक कंबरेवर. पण मान ताठ. हिच्या मनात आलं, ही उभ्या उभ्या पडेल, पण बसायची नाही. आणि मी तरी काय वेगळी?

तिनं इस्त्री उभी केली, बटण बंद केलं आणि बाकावर टेकली.

"बसले मी. काय म्हणायचं ते म्हणा, ताई."

थोरलीनं वर पाहिलं नाही. हातातली चादर संपवली, घडी घातली. मग मुद्दाम आणखी एक घेतली, तीही सावकाश केली. मगच इस्त्री ठेवून आली.

"सरक तिकडं."

दोघी बसल्या. कॉम्प्युटरवर कसलंसं उड्या मारायचं गाणं लागलं होतं.

"बंद कर गं ते."

"उठावं लागेल, ताई."

"मग राहू दे," थोरली म्हणाली आणि तिनं पाय पसरले.