काकूंच्या दारावरची नाल

आज शनिवार. समोरच्या काकूंनी दारावरच्या नालेला तेल लावलं आणि त्या वासानं मला बादल आठवला.

बादल म्हणजे माझ्या बाबांचा वरातीचा काळा घोडा. मी लग्न होऊन कुडव्याला आले, त्याच हिवाळ्यात बाबा त्याला दवनीवाड्याहून माझ्या भेटीला घेऊन आले. गेटातून मान आत घालून त्यानं माझ्या ओंजळीतले चणे खाल्ले. त्याच्या गरम श्वासानं हात ओले झाले.

तेवढ्यात काकू ओरडल्या, "कॉलनीत घोडा काऊन आणला? लीद कोण उचलन?" मग त्याचा रंग पाहून त्यांचा आवाज मऊ झाला. "भाऊ, काळ्या घोड्याची नाल दारावर बहुत शुभ राहते. एक काढून द्या ना जी."

बाबांनी माझ्या सासूबाईंकडे पाहिलं. लेकीच्या शेजाऱ्यांना नाही कसं म्हणायचं? काकूंच्याच घरची पकड घेऊन त्यांनी पुढच्या पायाची नाल उपटून दिली.

उघड्या खुरानं डांबरी रस्ता तुडवत बादल गावी पोचला, तो लंगडतच. पुन्हा कुठल्याच वरातीत तो नाचला नाही.

"तुमच्या घोड्यानं आमचं भलं केलं," काकू आजही म्हणतात.

त्या दिवशीची लीद मात्र मीच उचलली होती.