दमवणारा ब्रेस

न्यूझीलंडमधल्या पोर्ट हिल्स डोंगरांच्या उतारांवर पक्ष्यांची अंडी खाणाऱ्या उंदरांसाठी आणि मुंगसासारख्या स्टोटांसाठी सापळे लावलेले असतात. त्यातले एकशे चाळीस तपासायचं काम अनुराधा सोहोनीचं. वीस वर्षांपूर्वी ती पुण्याहून पर्यावरण शिकायला जवळच्या क्राइस्टचर्च शहरात आली आणि तिथल्याच रिकार्टन भागात स्थिरावली. ऑफिसात बसायचं नाही, हे तिनं शिकतानाच ठरवलं होतं.

मागच्या हिवाळ्यात ओल्या गवतावरून ती घसरली आणि उजव्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. ऑपरेशन झालं. काही महिन्यांनी मांडीपासून पोटरीपर्यंतचा, बिजागरीचा ब्रेस लावून ती कामावर हजर झाली. गुडघा दुखत नव्हता. पण दुपारी बारालाच ती इतकी थकायची, की डबा उघडायचंही त्राण उरत नसे.

"हवं तर सपाटीवरचे सापळे घे," टीम लीडर म्हणाला.

"नको. माझा दम कमी झालेला नाही, कुठंतरी सांडतोय," ती म्हणाली. "कुठं ते शोधते, मग बोलू."

शोध लागला तो किराणा दुकानातल्या बोर्डावरच्या एका जाहिरातीतून. ब्रेस लावून चालताना शरीराची किती शक्ती खर्च होते, हे मोजायला युनिव्हर्सिटीला माणसं हवी होती. फिजिओची परवानगी काढून अनुराधा तिथं पोचली. संशोधन करणारी ऋग्वेदा नाशिकची निघाली. तिनं अनुराधाच्या तोंडावर श्वास मोजायचा मास्क चढवला आणि तिला ट्रेडमिलवर आधी ब्रेसशिवाय, मग ब्रेस लावून, एकाच वेगानं चालवलं.

"अनुराधाताई, ब्रेस लावला की तुमचा खर्च जवळजवळ एक पंचमांशानं वाढतोय," ऋग्वेदा स्क्रीनकडे बघत म्हणाली. "एवढा वाढायला नको." तिनं खाली बसून बिजागरी तपासली. "हा गुडघा तीस अंशांपलीकडे वाकतच नाहीये. म्हणून दर पावलाला तुम्ही कंबर उचलून पाय बाहेरून फिरवताय. वाकणं अडवणारी ही खीळ अजून तशीच कशी?"

अनुराधानं मास्क उतरवला. "फिजिओनं दीड महिन्यापूर्वीच काढायला सांगितली होती. मीच काढली नाही. घट्ट म्हणजे सुरक्षित, असं वाटलं मला."

हे बोलताना तिला स्वतःचाच राग आला. बारा किलोमीटर डोंगर तुडवणारी बाई, आणि गुडघा वाकवायला घाबरली होती.

दुसऱ्याच दिवशी फिजिओसमोर तिनं स्वतःच्या हातानं खीळ काढली. पहिले दोन दिवस ती प्रत्येक पाऊल चाचपून टाकायची. तरी नेटानं चालत राहिली. हळूहळू गुडघा वाकू लागला, कंबर जागेवर आली. तिसऱ्या आठवड्यात सगळे सापळे तपासून, सावकाश डबा खाऊन, ती ताठ चालत खाली उतरली.

"वरच्या चढावरच्या सापळ्यांची रांग माझीच," तिनं टीम लीडरला सांगितलं. तो हसला आणि त्यानं यादीत तिचं नाव लिहिलं.

मग तिनं ऋग्वेदाला फोन केला. "तुझं ट्रेडमिल सपाट आहे गं. खरा खर्च चढावर कळतो. ये, मोज."

ऋग्वेदा शनिवारी श्वास मोजायचं छोटं यंत्र घेऊन आली. अर्ध्या चढावर यंत्र बाजूला ठेवून ती दगडावर टेकली.

"जरा थांबू या ना, ताई," ती धापा टाकत म्हणाली.

"बस तू," अनुराधा म्हणाली. "मी तेवढ्यात पुढचे चार सापळे बघून येते."