बाटलीचा भाव

बोसनकाका बांगड्याचा भावसुद्धा बाटलीत करायचा. सकाळी मासळीवाली पडवीसमोर टोपली उतरवायची, वाट्याचा भाव सांगायची, आणि हा मोबाइल हातभर लांब धरून, डोळे बारीक करून आकडेमोड करत बसायचा. मग मान हलवून म्हणायचा, "काल एवढ्याच बाटल्यांत पापलेट आलं असतं. तू महागलीस की बाटली पडली?" मासळीवाली केळशीहून यायची. जहाजावरून उतरलेल्या माणसाला सकाळीसकाळीच लागते, अशी तिची बरेच दिवस समजूत होती. ती मासे देऊन लगबगीनं निघून जायची.

बाटली दारूची नव्हती. मोबाइलवरच्या एका खेळात लढाई जिंकली की एक निळी बाटली मिळे, आणि ती इंटरनेटवरच्या बाजारात विकली की खात्यात खरे रुपये येत. तिचं कंपनीनं ठेवलेलं नाव इंग्रजी, लांबलचक आणि काहीसं चावट होतं. वाडीनं त्याची बाटली केली. त्यामुळे करोनाच्या दिवसांत आमच्याकडे चांगल्या घरच्या बायका विहिरीवर एकमेकींना बाटलीचा भाव विचारत, आणि पाहुणे एकमेकांकडे बघत.

बोसनकाका म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. जन्मभर मालवाहू जहाजांवर होता. शेवटची वर्षं बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. त्याचं खरं नाव फक्त रेशनकार्डाला माहीत. जमिनीवरही तो पाय फाकून, जरा डुलत चालायचा. जमीन हलत नाही ही गोष्ट त्याला कधी पूर्ण पटलीच नाही. गळ्यात शिटी असायची. कुत्रं हाकलायला, रिक्षा थांबवायला आणि मला चहाला बोलवायला तो ती सारख्याच गांभीर्यानं वाजवायचा.

तो कायमचा घरी आला तेव्हा काकू जाऊन काही महिने झाले होते. ती गेली तेव्हा त्याचं जहाज कुठल्याशा परक्या बंदराबाहेर उभं होतं आणि त्याला येता आलं नव्हतं. आल्यावर त्यानं सगळ्या समुद्रांच्या गोष्टी सांगितल्या, तेवढी एक सोडून. आम्हीही विचारलं नाही. त्यानं दोन गोष्टी बरोबर आणल्या होत्या. एक भलीमोठी बॅग, आणि फिलिपिनो खलाशांनी शिकवलेला हा खेळ. त्यांच्या देशात म्हणे गावंच्या गावं हा खेळ खेळून चुली पेटवत होती. "आपण काय कमी आहोत?" असं तो म्हणायचा. आपण कशात कमी आहोत याची यादी माझ्याकडे तयार होती, पण मी पुतणी, गप्प बसले.

खेळात गुबगुबीत प्राणी होते, धड मासा नाही, धड ससा नाही. ते आपसांत मारामाऱ्या करत. गंमत अशी की प्राणी आधी विकत घ्यावा लागे, आणि तो चांगलाच महाग असे. बोसनकाकानं निवृत्तीच्या पैशातून असे पुष्कळ प्राणी घेतले. माझ्या वडिलांनी विचारलं, दूध देतात का? तर नाही. अंडी? नाही. वडील उठून बागेत गेले आणि संध्याकाळपर्यंत आंब्यांच्या झाडांशी बोलत राहिले.

इतके प्राणी एकट्यानं लढवणं शक्य नव्हतं, म्हणून त्यानं माणसं नेमली. माणसं म्हणजे बायकाच, कारण पुरुष मुंबईला, आणि मोबाइल बायकांच्या हातात. पोरांच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेले ते मोबाइल दुपारनंतर रिकामे असत. पहिली आली सुगंधाकाकी, आमच्या शेजारची. शेतीत चालते तीच अर्धेलीची रीत त्यानं लावली होती. "प्राणी माझा, अंगठे तुमचे, पीक निम्मंनिम्मं." हा प्राणी आपलाच आहे हे कशावरून, असं काकीनं विचारलं, तेव्हा तो जरा खाकरला. मला वाटलं, आता ब्लॉकचेन, म्हणजे मालकीची ती इंटरनेटवरची नोंदवही, समजावून सांगताना याची बोट बुडणार. तो म्हणाला, "सातबारा असतो ना? तसाच. फक्त तलाठी नाही." काकी तिथल्या तिथे तयार झाली. इतक्या थोडक्यात इतका विश्वास त्या तंत्रज्ञानावर जगात दुसऱ्या कुणी ठेवला नसेल.

रेंज फक्त वाडीच्या वर, सड्यावर. सडा म्हणजे आमच्याकडचा उघडा, सपाट कातळ. त्याच्या कडेला काजूची काही झाडं आहेत. त्यांच्या सावलीत मी माझ्या मुंबईच्या ऑफिसचं काम लॅपटॉपवर करत बसे, कारण घरी रेंज मलाही नव्हती. दुपार कलली की बोसनकाका शिटी फुंकायचा आणि बायका चढून यायच्या. एका बाजूला मी विमा घेतलेल्या माणसांची समजूत घालत असे आणि दुसऱ्या बाजूला सुगंधाकाकी प्राण्याला दम देत असे, "मार ना मेल्या, बघतोस काय?" तिकडच्या गिऱ्हाइकाला ते आपल्यालाच वाटे.

बोसनकाकाचा कडक नियम होता, की ही ड्युटी आहे, खेळ नव्हे. तो मागे हात बांधून बायकांच्या मागून फेऱ्या घालायचा. कुणी हसलं तर थांबायचा. "मजा येतेय? म्हणजे काहीतरी चुकतंय." हरणारीला तो रागावत नसे, पण जिंकून टाळ्या पिटणारीला हमखास बोलणी बसत. पोलीस पाटलांच्या कानावर गेलं, की सड्यावर रोज बाटलीचा काहीतरी प्रकार चालतो. ते मोटारसायकल घेऊन वर आले. झाडाखाली मान खाली घालून बसलेल्या बायका, मागे शिटीवाला माणूस. काकानं त्यांना एक लढाई दाखवली. पाटील बराच वेळ बघत राहिले आणि निघताना हळूच विचारते झाले, की पुरुषांना घेता का.

सगळ्यात अवघड मोर्चा होता भागाआजीचा, म्हणजे सुगंधाकाकीच्या सासूचा. सुनेनं भर दुपारी घर सोडून डोंगरावर जाऊन बसायचं हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांच्या आयुष्यात बाई बसली ती फक्त जेवायला आणि तांदूळ निवडायला. बोसनकाका शर्ट घालून त्यांच्याकडे गेला. शर्ट तो फार क्वचित घालायचा. म्हणाला, "आजी, बसत नाही ती. ड्युटी आहे." ड्युटी म्हटल्यावर आजी उंबऱ्यातून बाजूला झाल्या. नवऱ्याचा जन्म गिरणीत गेलेला, मुलगा मुंबईत वॉचमन. ड्युटीवरच्या माणसाला अडवायचं नसतं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी त्या दिवसापासून सुनेचा चहा झाकून ठेवायला सुरुवात केली.

आणि पैसे खरंच आले. हे मी मान्य करते, कारण माझा तोवर विश्वास नव्हता. सुगंधाकाकीनं न्हाणीघराला पत्रे घातले, मग मिक्सर घेतला. तिच्या नवऱ्यानं मुंबईहून मला फोन केला. आधी तब्येत विचारली, पाऊस विचारला, मग आवाज खाली करून म्हणाला, "ती म्हणते, मोबाइलवर मासे लढवते आन् पैसे मिळतात. काम बरं हाय ना गो?" मी सांगितलं, काम बरं आहे. त्याला ते आवडलं नाही. आपण रात्रभर फाटकाशी उभं राहावं आणि बायकोनं काजूच्या सावलीत बसून तेवढंच मिळवावं, यात काही बरं असेल असं त्याला वाटेना.

मग बाटली पडायला लागली. आधी हळूहळू. बोसनकाका म्हणाला, ओहोटी आहे, भरती येईल. ओहोटी इतकी लांबली की तळ दिसायला लागला. जगातले सगळेच बाटल्या जिंकून विकत होते, आणि विकत घेऊन पिणारा कुणीच नव्हता. ही गोष्ट वाडीतल्या कुणालाही सुरुवातीलाच सांगता आली असती, पण विचारलं कुणी? त्यातच बातमी आली, की खेळातले पैसे बाहेर आणायचा जो इंटरनेटवरचा मार्ग, ज्याला पूल म्हणतात, तो चोरांनी लुटला. काकानं सड्यावर गंभीरपणे जाहीर केलं, "पुलावर दरोडा पडलाय." त्या आठवड्यात वाडीतल्या कुणीही खाडीच्या पुलावरून अंधार पडल्यावर प्रवास केला नाही.

तरी शिटी वाजत राहिली. बायका येत राहिल्या आणि त्यांना पैसे मिळत राहिले, पूर्वीपेक्षा थोडे कमी, पण मिळत. काका म्हणाला, त्यानं एक वेगळा बाजार शोधलाय, तिथं भाव टिकून आहे. मी लॅपटॉपवर शोधलं. असा बाजार कुठंच नव्हता. त्याला विचारलं तर म्हणाला, तुझ्या ऑफिसचं काम बघ.

मग एकदा कामासाठी खाली बंदरावर गेले तर त्याची होडी दिसली. ती त्यानं आल्याआल्या घेतली होती, म्हातारपणी गळ टाकत बसायला. आता तिच्यावर दुसऱ्याच माणसाची जाळी वाळत होती. त्या माणसानं सांगितलं, की बोसननं ती गणपतीच्या सुमारास विकली.

काकाचा तो वेगळा बाजार म्हणजे ही होडी होती. मी घरी न जाता सुगंधाकाकीकडे गेले. वाटलं, बाटलीला आता भावच नाही हे ऐकून तिला धक्का बसेल. ती तांदूळ पाखडत होती. म्हणाली, बाटलीला कोण विचारत नाही हे आम्हाला केव्हाच कळलंय, मोबाइल आमच्याकडेही आहेत. काकानं भाव होता तेव्हाचे बाटल्यांचे पैसे साठवले असतील, त्यातून तो देत असेल, असा त्यांनी हिशोब केला होता. मग खेळता कशाला, असं मी विचारलं. तिनं सूप खाली ठेवलं. "बंद केलं तर तो माणूस दिवसभर त्या घरात काय करील?"

होडीचं मात्र तिला माहीत नव्हतं. ऐकलं आणि ती तशीच पदर खोचून निघाली. मी मागून.

बोसनकाका पडवीत मोबाइल पुसत बसला होता.

"भावजी, होडी कुठं हाय?"

"रंगवायला दिलीय."

"कोणाला?"

काकानं मोबाइल उलटा केला आणि मागची बाजू पुसायला घेतली.

"आमाला ठाव हाय सगळं," काकी म्हणाली. "बाटलीला आता कुत्रं इचारीत नाय."

"कधीपासून ठाव आहे?"

"पावसाळ्यापासून."

"मग इतके दिवस खेळत कशाला होता?"

"तुमी शिटी वाजवीत होता म्हणून."

बोसनकाका तिच्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर आधी राग आला, तो कुठं ठेवावा ते त्याला कळेना. शेवटी म्हणाला, "म्हणजे मला वाटत होतं मी तुम्हाला पोसतोय. आणि तुम्ही मला खेळवत होता."

"तर काय करणार," काकी म्हणाली. "जेवलात काय?"

तो जेवला नव्हता. तिनं आत जाऊन चूल बघितली, डबे बघितले आणि कुणाला न विचारता पिठलं टाकलं. आतून फोडणीचा वास यायला लागला तेव्हा काका एकाएकी बोलायला लागला, अंगणाकडे बघत. तुमची काकू गेल्याचा निरोप आला तेव्हा आम्ही बंदराबाहेर नांगर टाकून होतो, म्हणाला. उतरायची परवानगी नव्हती. कप्तान म्हणाला, बोसन, आज काम करू नकोस, केबिनमध्ये बस. "बसून काय करू? मी डेक धुतला. वाळला की परत धुतला." एवढंच म्हणाला. आत भांडं वाजायचं थांबलं होतं.

पैसे परत घ्यायला त्यानं साफ नकार दिला. बायकांनीही फार आग्रह केला नाही, कारण न्हाणीघराचे पत्रे काही परत करता येत नाहीत. त्याऐवजी त्यानं जुन्या ओळखी खणून काढल्या आणि गुजरातच्या किनाऱ्यावर गाळ उपसणाऱ्या एका बार्जवर काम धरलं. निवृत्त माणूस कामावर चाललेला पाहून माझ्या वडिलांना वाईट वाटलं. त्याला वाटलं नाही. खेडला स्टेशनवर त्याला पोचवायला सगळ्या बायका टेम्पोतून आल्या होत्या, सणासुदीच्या साड्या नेसून. गाडीला उशीर होता. त्यानं तेवढ्यात प्रत्येकीचा मोबाइल घेऊन तो खेळ काढून टाकला. फुकट जागा अडवतो, म्हणाला. एकीनं आपल्या प्राण्याला पोरीचं नाव दिलं होतं. ती डोळे पुसायला लागली, तर तिला म्हणाला, "अगं, तो मरत नाही. तेवढी एकच चांगली गोष्ट आहे त्याच्यात." मग गाडी आली. तो फाकल्या पायांनी चढला, आणि गाडी हलायला लागली तेव्हा डब्यातल्या उभ्या माणसांत तो एकटाच असा होता, ज्याला कशालाही धरावं लागलं नाही.

तो अजून बार्जवरच आहे. फोन करतो, तिथल्या जेवणाला नावं ठेवतो. मलाही ऑफिसनं परत मुंबईला बोलावलं. गेल्या मे महिन्यात गावी गेले, तेव्हा दुपारनंतर सहज सड्यावर गेले. काजूच्या खाली बायका बसल्या होत्या. मोबाइल कुणाच्या हातात नव्हता. एक जण डोक्याखाली हात घेऊन चक्क आडवी झाली होती. मी सुगंधाकाकीला विचारलं, आता घरी काय सांगून येता? ती म्हणाली, सासूबाईंनी पण विचारलं होतं, आता तिथं काय काम? खोटं बोलायचा कंटाळा आला होता, म्हणून खरं ते सांगून टाकलं.

"काय सांगितलंस?"

"बसायला जातो."

भागाआजी यावर दोन दिवस काही बोलल्या नाहीत म्हणे. तिसऱ्या दिवशी काठी टेकत, वाटेत दहा ठिकाणी थांबत, त्या एकट्याच सडा चढून आल्या. बायका घाबरून उठायला लागल्या. आजींनी धाप जिरू दिली, सावली कुठवर आहे ते बघितलं आणि काठीनं सुनेला जरा ढोसलं.

"सरक," म्हणाल्या.