मे महिन्यातला डबा ऐसपैस

मे महिना लागला की आम्हा कोकणवाल्यांच्या तोंडातून एकच प्रश्न आपोआप निघतो. परवा तो मी भलतीलाच विचारला. "काय गं, गावी कधी जाणार?"

समोर उभी होती आमच्या घाटकोपरच्या सोसायटीत दोन वर्षांपूर्वी राहायला आलेल्या अफगाण कुटुंबातली नऊ वर्षांची मुलगी. घरदार सोडून, जीव वाचवून आलेली माणसं ती. बोलून झाल्यावर माझी ट्यूब पेटली. माझी नेहमीच उशिरा पेटते.

"हमारा घर अब नहीं है, अंकल," ती शांतपणे म्हणाली. मग तिनेच विचारलं, "बाकी सब कब आएँगे?"

यंदाच कुठे पोरांनी तिला डबा ऐसपैसमध्ये घेतलं होतं, आणि आता सगळी आपापल्या गावी गेली होती. मी "जूनमध्ये" म्हणालो आणि जिन्याने वर सटकलो. खिडकीतून पाहिलं, तर रिकाम्या आवारात तिने डबा मांडला होता आणि त्याच्या बाजूला एकटीच उभी होती.

बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "प्रश्न विचारून झाले ना? आता खाली जा आणि राज्य घ्या."