भिंत हलेना तेव्हा

आधी घरमालक आजोबांचं सांगतो. रेल्वेतून निवृत्त झालेले, तंजावरकडचे मराठी; त्यांच्या कितीतरी पिढ्या तमिळ मुलखातच गेलेल्या. ते नसते तर मी दुकानाच्या माळ्यावर पडूनच राहिलो असतो.

आम्ही गलाईवाले, सोनं आटवून शुद्ध करणारे. सातवीत शाळा सुटली आणि सांगलीकडून मामाबरोबर मी इकडे तमिळ मुलखात, टी. नगरच्या एका मागच्या गल्लीत आलो. चाळिशीच्या आतच भट्टीपुढे छातीत कळ आली. इस्पितळातून सोडताना डॉक्टर तमिळमध्ये बरंच बोलले. माझं तमिळ बाजारापुरतं. कळलं ते एवढंच, की हृदयाच्या भिंतीचा एक भाग हलत नाही आणि पुन्हा तपासायला यायचं.

मामा म्हणाला, "चीर गेलेल्या भिंतीला आपण टेकतो का? तू हलायचंच नाही."

दुकानात सगळ्यांनी तेच धरलं. भाकरीसुद्धा माळ्यावर यायची. कूस बदलली तर खालून आवाज, "ए, पड गप." मी छातीवर हात ठेवून ठोके ऐकत बसायचो. एखादा चुकलासा वाटला की घाम फुटायचा. गावी बायकोला फोनवर सांगितलं, पित्त झालंय.

भाडं मागायला आलेले आजोबा खाली सगळं ऐकून शिडी चढून वर आले. मला ते तंबी म्हणतात, तमिळमध्ये धाकटा भाऊ. "तंबी, हलत नाही तें आंतलं. पाय कां बांधून ठेवलास?" आणि मला रिक्षात घालून इस्पितळात घेऊन गेले.

तिथल्या डॉक्टरीणबाईंचं बोलणं त्यांनीच उलगडून सांगितलं. शिरेतून औषध सोडून हृदय पळवायचं आणि ते पडद्यावर बघायचं. तो भाग मेलेला असेल तर तसाच राहील. नुसता निजलेला असेल तर हलेल, मग तुंबलेली रक्तवाहिनी उघडण्यात अर्थ आहे.

औषध चढलं. कानात धडधड. मी आजोबांचं मनगट सोडेना.

"हलतंय का हो?"

"थांब रे. तुमच्या मुशींत सोनं लागलींच दिसतं काय?"

बाई काहीतरी बोलल्या.

"काय म्हणाल्या?"

"आळशी आहे म्हणते. पण उठतंय."

पुढे रक्तवाहिनी उघडली. मी भट्टीवर परतलो. अजूनही हात उगाच छातीवर जातो, आणि ते दिसलं की आजोबा "चल" म्हणून मला फिरायला काढतात. चालताना विचारतात, जोंधळ्याचं शेत कसं दिसतं? महाराष्ट्र त्यांनी पाहिलेलाच नाही. त्यांचे पाय चालताहेत तोवर त्यांना गावी नेणार, आमच्या शेतात उभं करणार आणि बायकोच्या हातची गरम भाकरी वाढणार. हे मी करणारच.