आबा गप्प बसले तो दिवस

पुण्याच्या होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात मी "मेस कुठं हाय?" असं विचारलं आणि पोरी खदखदून हसल्या. तेव्हापासून मी जीभ घासूनपुसून घेतली. आहे, नाही, इथे, तिथे. पुढे नोकरीत कुणाला पत्ताही लागला नाही, की ही निरवांगी गावच्या डाळिंबवाल्याची पोर.

ऑफिसातल्याच एकाशी माझं जमलं. त्याच्या आईला भेटले, तेव्हा त्या कौतुकाने म्हणाल्या, "गावाकडची असून बोलतेस मात्र अगदी आपल्यासारखी!" मी हसले. आता ही माणसं आमच्या घरी येणार होती, आणि घरी माझे वडील होते. आबांनी बांधावरून हाक मारली की ओढ्यापलीकडचा माणूस ओ देतो.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी मी आबांना गोठ्यात गाठलं. "आबा, आज जरा कमी बोला. ती माणसं पुण्याची आहेत."

हातातली वैरण तशीच धरून ते बघत राहिले. "मंजी?"

"ते हाय, न्हाय, व्हय नको. हसतील."

"बरं," एवढंच म्हणाले आणि वैरण टाकायला लागले. जळो मेली माझी जीभ!

पाहुणे आले. त्याच्या वडिलांनी विचारलं, "बाग तुम्हीच लावली का?" ज्या माणसाला डाळिंबावर बोलायला दिवस पुरत नाही, त्याने नुसती मान हलवली. पाण्याचं विचारलं, तर विहिरीकडे बोट दाखवलं. आई बिचारी तिसऱ्यांदा चहाचं विचारून गेली. तो माझ्याकडे बघत होता आणि मी आबांकडे. निघताना त्याच्या आईने विचारलं, "मग, तुमची पसंती समजायची ना?" बोला हो आबा, एक शब्द! आबांनी हात जोडले. बस्स.

दिवेलागणीला त्याच्या आईचा फोन आला. "तुझ्या वडिलांना हे स्थळ पसंत दिसत नाही. एवढ्या लांबून आलो, त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. आमचा हा अपमानच झाला. आपण इथेच थांबलेलं बरं."

फोनवर हात दाबून मी ओसरीवर पळाले. "आबा, बोला त्यांच्याशी! लगीन मोडतंय माझं!"

त्यांनी फोन घेतला नाही. "कसं बोलू? तुझ्यावानी का माझ्यावानी?"

"तुमच्यावानी. आबा, तुमच्यावानीच!"

मग त्यांनी फोन कानाला लावला. "राम राम, ताई. सकाळधरनं दाढ ठणकत हुती वो, तोंड उघडवंना. म्हून गप बसलो, राग मानू नका. स्थळ आमाला पसंत हाय. पोरगी लय गुणाची हाय आमची."

पलीकडून त्या हसल्या, मला स्पष्ट ऐकू आलं. "अहो, मग तेव्हाच सांगायचं नाही का! लवंग धरा दाढेत."

"व्हय, व्हय, धरतो," म्हणत आबांनी फोन माझ्या हातात दिला आणि गोठ्याकडे गेले. फोन ठेवून मी तिथंच हमसून हमसून रडले. आबांच्या तोंडात एकही दाढ नाही. दोन वर्षांपूर्वी बारामतीला नेऊन कवळी मीच बसवून आणली होती.