शिळ्या भाकरीचं वॉफल

आमच्या आईच्या सुतकात मी शिळ्या भाकरीचं वॉफल केलं. असं वाक्य लिहायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

सोनईला आमच्या घरात दहाव्यापर्यंत चूल पेटत नाही. शेजारी आणि सोयरे जेवण आणतात. आणि आणतात म्हणजे किती! प्रत्येकाला वाटतं, दुसरा विसरणार. स्वयंपाकघरात भाकरीच्या चळती लागल्या होत्या, पिठल्याची पातेली एकावर एक चढली होती, आणि खाणारं कोणी नव्हतं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तर अन्नच सोडलं होतं. शेजारून येणाऱ्या नुसत्या चहावर होते. (तेही शुगरच्या गोळ्या चालू असताना!) डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोटात काही गेलं नाही, तर दवाखान्यात न्यावं लागेल." एक माणूस नुकताच गेला होता. दुसराही जाईल या भीतीनं मी थेट स्वयंपाकघरात शिरलो.

आई असती तर तिनं शिळ्या भाकरीचा कुस्करा फोडणी देऊन पुढ्यात ठेवला असता आणि अण्णा मुकाट जेवले असते. पण कुस्कऱ्याला फोडणी हवी आणि फोडणीला चूल! तेवढ्यात मला कपाटावरचं वॉफल मशीन दिसलं. नागापूरच्या आमच्या कंपनीनं दिवाळीला दिलेलं. वॉफल म्हणजे खिडकीच्या जाळीसारखे चौकोन पडलेली जाड, गोड पोळी. आईनं मशीनला कधी हात लावला नव्हता. ("ह्यात भाकरी व्हईल का? मंग कशाला?")

"वैशाली," मी बायकोला म्हणालो, "याला जाळ नसतो. म्हणजे ही चूल नाहीच!"

"अहो, आत्या बघतील."

"बघू दे. शास्त्रात विजेचा उल्लेख नाही."

भाकरी चुरली, पिठलं कालवलं, वरून ठेचा घातला आणि झाकण दाबलं. आधी वास आला. मग धूर. मग फट्ट! घरातली वीज गेली. बाहेर सतरंजीवर नेवाशाचे पाहुणे नुकतेच टेकले होते, त्यांच्या डोक्यावरचा पंखा थांबला. अण्णांची बहीण, म्हणजे आमची आत्या, धावत आत आली.

"आगं बया! सुतकात चूल पेटवली!"

"आत्या, चूल न्हाई, वायर हाय!"

"धूर निघतोय की रं मुडद्या!"

बाहेर पाहुण्यांची पंचायतच बसली. "जाळ न्हाई तर चूल न्हाई," एकजण म्हणाला. "धूर हाय म्हंजी जाळ असनारच," दुसऱ्यानं बजावलं. तिसऱ्यानं हळूच विचारलं, "मिळतं कुठं हे?"

इकडे झाकण उघडेना. मी पक्कड आणली आणि ओढलं, तर मूठच हातात आली! शेवटी उलथण्यानं खरवडून एक काळा तुकडा निघाला. चौकोन मात्र सुरेख पडले होते.

दारात अण्णा उभे होते. कितीतरी वेळानं ते खोलीबाहेर आले होते.

"काय हाय ते?"

"कुस्करा. आईसारखा," मी म्हणालो, आणि माझं मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अण्णांनी कोपरा मोडून तोंडात टाकला. बराच वेळ चावला. मग आईच्या फोटोकडे पाहिलं आणि पाटावर बसले.

"सुमन," ते आत्याला म्हणाले, "साधी भाकरी वाढ. मी जेवतो. पर ह्याला आदी त्या मशीनपासनं उठीव."

अर्धी भाकरी झाल्यावर त्यांचा घास हातातच राहिला. "तिनं बघायला पायजे हुतं," ते म्हणाले. "लई हसली असती." मग ते रडले. मीही रडलो. आत्याही रडली आणि रडता रडता तिनं त्यांना दुसरी भाकरी वाढली.

मोडकं मशीन मी अजून टाकलेलं नाही. सोयऱ्यांत कुणी रुसून किंवा दुःखानं जेवेनासं झालं, की आत्याचा फोन येतो.

"मशीन घेऊन ये रं. करू काई नको. नुसतं त्यांच्या म्होरं ठेव, आन् शेजारी तू बस."